डोसचं पॅकेज

ती नोकरीला लागली तेव्हा खोलीतली सगळ्यात लहान होती, म्हणून सगळे तिला धाकटी म्हणायला लागले. पुढं तिच्यापेक्षा लहान माणसं आली, तिच्या कानामागचे केस पांढरे झाले, मुलगी कॉलेजात गेली, तरी नाव तेच राहिलं. नवीन आलेली पोरं तर तिला 'धाकटी मॅडम' म्हणायची आणि आपण काय बोललो हे लक्षातही न येता कामाला लागायची.

ऑफिस एका टायरच्या दुकानावर होतं. उन्हं तापली की रबराचा वास जिन्यातून वर चढायचा आणि दुपारभर पडद्यांत बसून राहायचा. काम औषधांच्या पत्रकांचं. गोळ्यांच्या खोक्यात घडी घातलेला पातळ कागद असतो, जो एरवी कुणी वाचत नाही आणि वाचायची वेळ येते तेव्हा चष्मा सापडत नाही, तो कागद. औषध कंपन्या मजकूर पाठवायच्या तो नुसत्या खुणा करून: हे शीर्षक, हा इशारा, हा लहान मुलांचा डोस. त्या खुणा ओळखून मजकूर कागदावर कसा बसवायचा हे सांगणारे नियम म्हणजे स्टाइलशीट. इशारा काळ्या चौकटीत, डोस तक्त्यात, गरोदर बायकांसाठीची सूचना ठळक. नियम एकदा लिहिले की त्यातून कितीही पत्रकं आपोआप निघत.

हे नियम लिहिले होते मास्तरांनी. मास्तर कधीकाळी कुठल्याशा क्लासमध्ये शिकवायचे, तिथून हे नाव त्यांच्या मागं लागलं. माणूस हुशार, यात वाद नाही. पण त्यांनी ती स्टाइलशीट अशी रचली होती की एका फाइलीत दुसरी, दुसरीत तिसरी, आणि तिसरी गुपचूप पहिलीचाच नियम बदलणारी. खोकल्याच्या औषधाचं शीर्षक जरा मोठं केलं की हृदयाच्या गोळीचा तक्ता फाटायचा. मग ज्यानं हात लावला तो मास्तरांच्या टेबलापाशी जाऊन उभा राहायचा. मास्तर लगेच वर बघत नसत. आधी चहा संपवायचे, रुमालानं मिशी पुसायचे, मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे, "काय दिवे लावलेत?"

धाकटी त्यांच्या हाताखालीच शिकली. बाळंतपणाची रजा संपवून परत आली तेव्हा मास्तरांनी तिला इशाऱ्यांच्या चौकटी सुधारायला दिल्या. तिनं नियम बदलला. पान जसंच्या तसं. पुन्हा बदलला. तसंच. चूक कुठं दाखवत नव्हतं, कंपाइल, म्हणजे नियम मशीनला वाचता येतील असे करून घेणं, तेही व्यवस्थित होत होतं, फक्त तिनं लिहिलेलं पानावर उमटत नव्हतं. दिवसच्या दिवस ती त्या फाइलीत डोकं खुपसून बसली. घरी तान्ही मुलगी सासूबाईंकडं रडायची, इकडं हिचा ब्लाउज दुधानं ओला व्हायचा आणि ती छातीशी फाइल धरून बाथरूमकडं पळायची. येताजाता मास्तर विचारायचे, "झालं का गं?"

शेवटी तिला सापडलं. मास्तरांनी एक छोटी फाइल सगळ्यात शेवटी जोडली होती. त्यात तिच्याच नियमांच्या नावाचे त्यांचे नियम होते, आणि शेवटी जोडलेल्याचं चालतं हा नियम लिहायच्या त्या भाषेचा कायदा. म्हणजे तिनं काहीही लिहिलं तरी ते त्यांच्या लिखाणाखाली गाडलं जात होतं. ती त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. मास्तर खुर्चीत मागं रेलले.

"सापडलं? वा! ऐका रे, हिला सापडलं. मी म्हटलं बघू तरी, पोर झाल्यावर डोकं जागेवर राहिलंय का."

खोली हसली. धाकटीही हसली. नंतर बरीच वर्षं तिला ते मास्तरांचं बोलणं तितकं आठवायचं नाही, पण आपण हसलो हे आठवायचं आणि भाजी चिरताचिरता हात थांबायचा.

बोलून तिनं कधी दाखवलं नाही. मास्तरांच्या टेबलावर रोज पाण्याची बाटली भरून ठेवायची, त्यांच्या मुलाच्या लग्नात वाढायला उभी राहिली. नवरा छापखान्यात मशीनवर होता, हीच पत्रकं छापायचा. तो एकदा म्हणाला, "तुमचे मास्तर म्हणजे देवमाणूस दिसतात, किती प्रेमानं बोलतात." धाकटी म्हणाली, "हो ना."

मग जुन्या साहेबांच्या जागी एक मॅडम आल्या. धाकटीपेक्षा वयानं लहान, बोलायला तुटक. त्यांना कळेना की एका ओळीच्या दुरुस्तीसाठी अख्खं गाडं पुन्हा कंपाइल का करायचं आणि सगळी पत्रकं पुन्हा का तपासायची. धाकटीनं सांगितलं की भाषेच्या नव्या आवृत्तीत पॅकेजं करता येतात. डोसचे नियम एका पॅकेजात, इशाऱ्यांचे दुसऱ्या, पत्त्यांचे तिसऱ्या. प्रत्येक पॅकेज आपापलं वेगळं कंपाइल होतं. त्यातलं काय बाहेर दिसावं, काय आतल्या आत राहावं, कशाला बाहेरच्यानं हात लावलेला चालेल आणि कशाला अजिबात नाही, हे आधीच लिहून ठेवायचं. लपूनछपून कुणाला कुणाचा नियम बदलता येत नाही.

मास्तर उसळले. "घराला एवढ्या भिंती घातल्या की घर राहत नाही, लॉज होतो. माझ्या हयातीत हे होणार नाही."

तसं ते हयातीतच झालं. पुढच्याच महिन्यात मास्तर आंघोळीला गेले ते बाथरूममध्येच पडले. डोक्यात रक्ताची गाठ. उजवा हात गेला, जीभ जड झाली. ते दवाखान्यात होते तेवढ्यात धाकटीनं ती गुंतवळ सोडवायला घेतली. दिवसा ऑफिस, संध्याकाळी मुलीच्या अभ्यासाशेजारी लॅपटॉप. काम तिनं फार सुरेख केलं. जे आतलं ते आत बंद केलं. इशाऱ्याची काळी चौकट तर तिनं अशी पक्की केली की वापरावी सगळ्यांनी, पण बदलू कुणीच शकणार नाही. पूर्वी एक दुरुस्ती म्हणजे सगळ्यांची दुपार जायची. आता डोसचं पॅकेज बदललं तर तेवढंच कंपाइल करायचं, बाकीचे आपापल्या जागी शांत.

मास्तर परत आले ते उजवा हात डाव्या हातानं उचलून टेबलावर ठेवत. बोलणं बरंच सुधारलं होतं. मॅडमनी त्यांना डोसचं पॅकेज दिलं, कारण ते नियम मुळात त्यांचेच. पहिल्याच आठवड्यात एका तापाच्या औषधाच्या तक्त्यात मोठ्यांचा डोस लहान मुलांच्या रकान्यात गेला. प्रूफ वाचणाऱ्या बाईंनी छपाईच्या आधी पकडलं, आणि पकडल्यावर त्या जिन्यात जाऊन बसल्या.

मॅडमनी धाकटीला केबिनमध्ये बोलावलं.

"निवृत्तीला थोडेच महिने राहिलेत त्यांचे. आजारी माणसाला काढता येत नाही. पण त्यांचं काम बाहेर जाऊ देता येणार नाही."

"डोसच्या पॅकेजची दुसरी आवृत्ती मी करते," धाकटी म्हणाली. "छपाईला ती जोडू. त्यांची पहिली आवृत्ती तशीच राहील. दोन्ही शेजारी शेजारी राहू शकतात."

"पण त्यांना सांगावं लागेल. तुम्ही सांगा, तुमचं ऐकतील. समजावून सांगा, की आता नुसतं बघत बसा, नव्यांना शिकवा."

"सांगते," धाकटी म्हणाली.

केबिनमधून बाहेर येईपर्यंत तिचा सांगायचा विचार होता. मास्तर डाव्या हाताच्या एका बोटानं टाइप करत होते. त्यांनी वर न बघताच म्हटलं, "पाणी नाही भरलंस आज?"

तिनं बाटली भरून आणली. सांगितलं नाही.

उलट तिनं त्यांच्या मशीनसाठी एक वेगळी नमुन्याची फाइल करून दिली. ती फाइल मास्तरांची पहिली आवृत्ती वापरायची. मास्तरांनी नियम लिहिला, कंपाइल केलं, की त्यांच्या पडद्यावर सुबक पान दिसायचं, अगदी त्यांनी म्हटलं होतं तसं. पॅकेज स्वतःपुरतं पूर्ण होतं, त्यामुळं चूक दाखवायचं काही कारणच नव्हतं. छपाईला जायची मात्र धाकटीची दुसरी आवृत्ती. मास्तरांचं काम त्यांच्या पडद्यापासून सुरू व्हायचं आणि तिथंच संपायचं.

एवढ्यावर ती थांबली असती तर मॅडमचं काम झालं असतं. ती थांबली नाही. "मास्तर, किडनीच्या रुग्णांच्या ओळी जरा बघा ना." मास्तर दोन दिवस बसून बघायचे. "मास्तर, कंपनीचं म्हणणं आहे तिसरा रकाना अरुंद करा." कंपनीचं असं काही म्हणणं नसायचं. त्यांनी अरुंद केला की ती म्हणायची, "आता रुंद करायला सांगतायत." मास्तर चिडायचे, कंपनीला शिव्या घालायचे, आणि करायचे. कधी ती रविवारीही बोलवायची. मास्तर रिक्षा करून यायचे, बंद टायरच्या दुकानाशेजारून एकेक पायरी चढत वर यायचे, घामानं निथळत खुर्चीत बसायचे. ती समोर बसून स्वतःचं खरं काम करायची.

ऑफिसात सगळ्यांना कळलं होतं. चहाच्या मशीनपाशी कुणीतरी मास्तरांसारखा हात लटकत ठेवून म्हणायचं, "व्हर्जन वन तयार!" बाकीचे कप तोंडाला लावून खिदळायचे. धाकटी तिथं नसायची, पण तिला ऐकू यायचं आणि तिनं कधी कुणाला गप्प केलं नाही.

एक दिवस मास्तरांच्या बायकोचा फोन आला. तिला सगळे काकू म्हणायचे.

"अगं, त्यांना जरा लवकर सोडत जा ना. हाताच्या व्यायामाला जायचं असतं, ती बाई पाचलाच दवाखाना बंद करते. डॉक्टर म्हणतायत, आत्ताच केलं तर हात सुधारेल, नंतर काही खरं नाही."

"मी सांगते त्यांना, काकू. पण काय करणार, त्यांच्याशिवाय आमचं पान हलत नाही."

पलीकडं काकूंच्या आवाजात वेगळंच काही आलं. "हो का गं? मला वाटलं, आता त्यांना कुणी विचारत नसेल. मग राहू दे. बघू व्यायामाचं."

मास्तरांनी व्यायामाला जाणं सोडलं. काकूंनी ते घरी सांगितलं असणार, की तुमच्याशिवाय अडतं म्हणे. कारण दुसऱ्या दिवशी मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि प्रूफवाल्या बाईंना उगीचच म्हणाले, "काय, दिवे लागलेत ना नीट?"

धाकटीनं घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. ती सांगताना हसत होती, तोही हसेल असं तिला वाटलं होतं. तो नखांतली शाई काढत बसला होता. तो म्हणाला, "आणि हे अजून किती दिवस?"

"निवृत्त होईपर्यंत."

"नाही, तुझं किती दिवस?"

तिनं ताट उचललं आणि मोरीत आपटलं. "तुला तेव्हा कुठं माहीत होतं माझं काय चाललं होतं?"

"सांगितलं होतंस कधी?" तो म्हणाला. मुलीनं आतून दार लोटून घेतलं.

मास्तरांना कळलं ते औषधाच्या दुकानात. त्यांच्याच रक्तदाबाच्या गोळ्या आणायला ते काकूंबरोबर गेले होते. पत्रक त्यांच्याच ऑफिसचं. म्हाताऱ्या माणसांच्या डोसची ओळ त्यांनी कित्येक दिवस खपून मोठ्या अक्षरात केली होती, स्वतःला वाचताना त्रास झाला म्हणून. दुकानाच्या काउंटरवर त्यांनी कागद उलगडला. ओळ बारीकच होती. त्यांनी दुकानदाराकडून दुसरं खोकं मागितलं, मग तिसरं. दुकानदार वैतागला. काकूंनी विचारलं, "काय झालं हो?" मास्तर म्हणाले, "काही नाही. जुना माल असेल." पण खोक्यावर छपाईची तारीख होती आणि ती ताजी होती.

मास्तरांचा हात गेला होता, काही गोष्टी उलटसुलट व्हायच्या, पण कुठं बघायचं हे ते विसरले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी छपाईची मुख्य फाइल उघडली. तिच्याकडं त्यांनी परत आल्यापासून पाहिलंच नव्हतं, कारण ती धाकटीकडं होती आणि धाकटीवर त्यांचा विश्वास होता. डोसचं पॅकेज, आवृत्ती दोन, असं तिथं स्वच्छ लिहिलेलं होतं. लपवलेलं काहीच नव्हतं.

ते उठून तिच्या टेबलापाशी आले. या खोलीत मास्तर कुणाच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिलेत, असं कधी झालं नव्हतं.

"माझं पॅकेज कुठं जातं?"

धाकटीनं टाइप करणं थांबवलं. थाप मारता आली असती. खोलीतले सगळे आपापल्या पडद्यात घुसले होते.

"कुठंच जात नाही," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"तुम्ही परत आल्यावर ती तापाच्या औषधाची चूक झाली. तेव्हापासून."

मास्तरांनी मान हलवली, जणू हे ठीकच होतं. "चूक झाली होती. मग मला सांगायचं. मी बसलो असतो गप्प." त्यांचा श्वास जोरात चालला होता. "पण ते रकाने? अरुंद कर, रुंद कर? रविवारी कशाला बोलवायचीस मला?"

"बोलावलं की येता का, ते बघायला."

ती हे मोठ्यानं बोलली. मुद्दाम. कुणी हसलं नाही. तिला वाटलं होतं, आता तरी कुणी हसेल.

मास्तरांची जीभ पुन्हा जड झाल्यासारखी झाली. तोंडाच्या कोपऱ्यातून थोडी लाळ आली, ती त्यांनी डाव्या हातानं पुसली, आणि परत जाऊन आपल्या खुर्चीत बसले. मशीन बंद केलं.

निवृत्तीपर्यंत ते रोज आले. वेळेवर यायचे, बंद पडद्यासमोर बसायचे, संध्याकाळी पाचच्या आधी निघून व्यायामाला जायचे. मॅडमनी एकदा विचारलं, घरी राहता का, रजा लावू. ते नाही म्हणाले. पाण्याची बाटली स्वतः भरायला जायचे आणि झाकण लावता यायचं नाही म्हणून उघडीच घेऊन यायचे, वाटेत सांडत. धाकटीनं दोनदा उठून झाकण लावायचा विचार केला. दोन्ही वेळा बसून राहिली.

निरोपाला काकू आल्या. त्यांनी सगळ्यांसाठी घरून केक करून आणला होता. धाकटीचा हात दोन्ही हातांत धरून त्या म्हणाल्या, "तुझे उपकार आहेत गं. आजारपणात माणूस घरी बसला की खचतो. तू त्यांना कामात ठेवलंस. हाताचं आता काही होणार नाही म्हणाले डॉक्टर, उशीर झाला म्हणे. असू दे. मनानं तर उभे राहिले." मास्तर शेजारीच होते. त्यांनी बायकोला काहीच सांगितलेलं नव्हतं. ते केकच्या तुकड्याकडं बघत उभे होते, तो डाव्या हातानं मोडायला बघत होते आणि तो पेपर प्लेटवर सरकत होता.

ते गेल्यावर धाकटीनं त्यांची पहिली आवृत्ती उघडली. काढून टाकायच्या आधी एकदा वाचावी म्हणून. मनातून तिला वाटत होतं की ती बरोबर निघेल, किंवा निदान सुंदर निघेल. तसं नव्हतं. जागोजागी रकाने उलटे होते, लहान मुलांचा डोस दोन ठिकाणी दुप्पट होता. म्हणजे मॅडम बरोबर होत्या आणि ते काम बाहेर जाऊ न देणंही बरोबर होतं. तिच्याकडं आता स्वतःच्या बाजूनं सांगण्यासारखं पुष्कळ होतं. ऐकायला कुणी नव्हतं. नवऱ्यानं तो विषय पुन्हा काढला नव्हता. तिनं पॅकेज काढून टाकलं आणि सगळं चालवून पाहिलं. कशालाच त्याची गरज नव्हती. एकही चूक आली नाही.

पुढं दोनेक महिन्यांनी तिच्या टेबलावरचा फोन वाजला. काकू होत्या. आवाज खाली आणून बोलत होत्या, म्हणजे मास्तर बाहेरच्या खोलीत असणार.

"अगं, बोलत नाहीत गं हे. नुसते भिंतीकडं तोंड करून बसतात. जेवण पुढं ठेवलं तर जेवतात, नाही ठेवलं तर मागत नाहीत. तुमच्याकडं काही छोटंमोठं काम असेल तर दे ना पाठवून. अगदी काहीही. खोटंखोटं असलं तरी चालेल, त्यांना कुठं कळतंय आता."

धाकटीनं फोनची वायर बोटाला गुंडाळली. समोर एका नव्या मलमाचं पत्रक उघडं होतं.

"बघते, काकू," ती म्हणाली.

"नक्की बघ हं. तुझंच ऐकतात ते."

"हो."

तिनं फोन ठेवला. मलमाच्या पत्रकात इशारा चौकटीत बसला होता, डोस तक्त्यात. तिनं ते छपाईला पाठवलं. काकूंना तिनं फोन केला नाही. त्यांचाही पुन्हा आला नाही.